हातभर अंतर

आई, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की आता तुझ्यावर रागावणं लोकांना बरं दिसत नाही. मी तरी रागावलेलीच आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे तूच शिकवलंस. मला पुष्कळ काही शिकवलंस. धाकट्या भावाला मात्र एकच गोष्ट, आलेल्या माणसाला मिठी मारायची. सहा-सात वर्षांचा असताना तो दाराशी धावत जायचा आणि इथल्या, इंग्लंडमधल्या स्लाऊ गावातल्या सगळ्या मराठी बायका "किती गोड गं" म्हणत विरघळायच्या. बोलणं उशिरा आलं, अक्षरं आलीच नाहीत, डॉक्टरांनी हात टेकले, पण मिठी जमली, आणि तू ती मिरवलीस. त्याला मिशा फुटल्या, तो तुझ्यापेक्षा वीतभर उंच झाला, तरी तुझ्या लेखी तो बाळच. बाहेरची माणसं त्याला बघून दोन पावलं मागे सरकायला लागली होती, ते तुला दिसलं नाही, किंवा बघायचं नव्हतं.

त्याच्या डे सेंटरमधली शिकवणारी बाई आपल्याकडे आली तो दिवस मला लख्ख आठवतो. तू पॅकिंगच्या शिफ्टवरून नुकतीच येऊन पोहे परततेयस. ती टेबलावर चित्रांची कार्डं मांडतेय: कुणाला मिठी मारायची, कुणाशी हात मिळवायचा, कुणाला नुसता हात हलवायचा, आपल्या अंगाला कुणी कुठे हात लावलेला चालत नाही. एका कार्डावर उघड्या माणसाचं चित्र होतं. ते बघून तुझ्या कपाळाला आठी पडली. तुझी मर्जी नसेल तर तो वर्गाला येणार नाही, हे त्या बाईला ठाऊक होतं, म्हणून ती बिचारी फार जपून बोलत होती. तू तिच्यापुढे पोह्यांची बशी ठेवलीस आणि म्हणालीस, "इन अवर हाऊस नोबडी इज स्ट्रेंजर." ती गेल्यावर मी भांडले, तेव्हा तू म्हणालीस की आम्हा शिकलेल्यांना प्रेमाचीसुद्धा भीती वाटते, आणि नाहीतरी त्याला काय कळणार आहे त्यातलं.

मग तो दसरा. इथे आपट्याची पानं कुठली, म्हणून तू कुंपणाच्या झुडपाची पानं तोडून देतेस. मंडळाच्या हॉलमध्ये तो सगळ्यांना सोनं वाटत गळाभेट घेतो, सगळे हसतात, कुणी गाल ओढतं. दुसरा दिवस शनिवार. उरलेली पानं त्याच्या कोटाच्या खिशात. तो नेहमीसारखा एकटाच बसने लायब्ररीत चित्रांची पुस्तकं बघायला निघतो. तेवढंच काय ते त्याचं स्वतःचं होतं. स्टॉपवर एक बाई बाबागाडी घेऊन उभी होती. त्याने तिच्या हातात पानं कोंबली आणि तिला मिठी मारली. ती किंचाळली, तशी आणखी घट्ट धरली, कारण रडणाऱ्या माणसाला तसंच धरायचं, हेही तुझंच. पोलीस स्टेशनात तू साडीवर कोट घालून हात जोडत होतीस, तो अगदी लहान मुलासारखा आहे म्हणून सांगत होतीस. पोलीस उद्धट नव्हता. तो म्हणाला, "ही इज ट्वेंटी-सिक्स, मॅडम." ती बाई अजून थरथरतेय, असंही त्याने सांगितलं. तिच्याबद्दल तू कधी एक शब्द काढला नाहीस.

ताकीद देऊन त्याला सोडलं. आता तरी तू सेंटरमधल्या बाईंना फोन करशील, असं मला वाटलं. तू दाराला कडी बसवलीस आणि तिला कुलूप लावलंस. त्याचं सेंटर बंद, बस बंद, लायब्ररी बंद. शनिवारी तो कोट घालून दाराशी उभा राहायचा आणि तू त्याला टीव्ही लावून द्यायचीस. मी मदतीसाठी कौन्सिलचं, इथल्या पालिकेचं, नाव काढलं की तू जेवण सोडायचीस. मंडळात सगळे म्हणायचे, मुलासाठी किती करते. तू जाईपर्यंत ती कडी तशीच होती. तू त्याला जपलं नाहीस, आई, कोंडलंस. त्याला शिकता येतं हे तुला बघवलं नसतं, कारण शिकला असता तर तो बाळ उरला नसता.

तुझ्या पश्चात मी त्याला त्याच बाईंकडे नेलं. एका हिवाळ्यात शिकला. आधी खूप रडला, मिठी नाही म्हणजे आपण काहीतरी वाईट केलं, असं त्याला वाटायचं. मग दुकानात, लिफ्टमध्ये, रांगेत हात लांब करून अंतर मोजायला लागला. लोकांनी गाल ओढलेले आपल्याला कधीच आवडले नव्हते, हेही त्याने तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं. आपण कुणी विचारलंच नव्हतं. आता तो आणखी दोघांबरोबर एका घरात राहतो, मदतीला माणसं आहेत, आणि लायब्ररीत एकटा जातो.

गेल्या रविवारी त्याच्याकडे गेले आणि सवयीने हात पसरून पुढे झाले. त्याने हात आडवा धरला. म्हणाला, "ताई, आधी विचार." मी विचारलं. तो म्हणाला, "नो थँक यू. आज नको." तिथली मदतनीस मुलगी "ब्रिलियंट" म्हणाली, मीही म्हटलं, मग आम्ही चहा प्यायलो. पण आई, मला त्याचा राग आला. इतकं केलं याच्यासाठी, आणि मलाच नको म्हणतो? क्षणभर वाटलं, कशाला शिकवलं याला हे. ते शब्द अगदी ओठांवर आले होते, मी चहाबरोबर गिळले. कुणापाशी बोललेले नाही. तुला हे पाठवायची सोय नाही तेच बरं. असती तरी पाठवलं नसतं. वाचून तू खूश झाली असतीस.