पंचेचाळीस अंशांचा पराक्रम

४ जानेवारी, सकाळ
फोनवरून सगळ्यांची विचारपूस केली. बायको, व्हर्ना, ॲरिझोनात बहिणीकडे आहे; तिचा गुडघा ऑपरेशननंतर आता वाकतो. बहीण लॉरेनचं बीपी आटोक्यात आहे. लॉरेनच्या मांजरीला सर्दी. ॲरिझोनाच्या उन्हात सर्दी, कमाल आहे. इथे मिनेसोटात बाहेर उणे वीस आणि मी ठणठणीत.
बायकोने अट पुन्हा ऐकवली. हा हिवाळा मी एकट्याने घर नीट सांभाळलं तर मरेपर्यंत इथेच राहायचं, नाही तर घर विकून तिकडे. घर मी स्वतःच्या हातांनी बांधलंय. पोरखेळ आहे.
पाइप गोठू नयेत म्हणून तिच्या सूचना: सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेव, नळ थेंब थेंब चालू ठेव, उत्तरेच्या भिंतीतल्या पाइपांना फोम गुंडाळ, हीटिंग पासष्ट फॅरनहाइटच्या खाली नको. उद्यापासून.

७ जानेवारी
फोम आणला. गाडीत आहे. नळाच्या टपटपीने डोकं उठलं. बंद केला.

१० जानेवारी, रविवार
चर्चनंतरच्या कॉफीला नेहमीची चढाओढ, कोणाचं घर किती थंड. शेजारी ऑरव्हिल म्हणाला अठ्ठावन्न. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हणालो पंचावन्न. घरी येऊन लगेच पंचावन्न केलं. खोटं बोलायची सवय नाही.

१३ जानेवारी
विमा एजंट ड्वेनचा फोन. पाइप गोठून फुटला तर भरपाई मिळते, पण घर पुरेसं गरम ठेवलं असेल तरच, म्हणे. पॉलिसी काढून वाचली. ‘पुरेसं’ म्हणजे किती अंश ते कुठेच नाही. म्हणजे आपल्या समजुतीवर सोडलंय. अंगात तीन स्वेटर आहेत. मला पुरेसं आहे.

१७ जानेवारी, रविवार
ऑरव्हिल पन्नासवर उतरला. मी शांतपणे पंचेचाळीस म्हणालो. समोर बसलेल्या ड्वेनचा चमचा कपातच थांबला. भारावला असावा.

१९ जानेवारी
उणे तीस. कपाटाची दारं उघडली. येता-जाता नडगीला लागतात. लावून टाकली. फोम उद्या नक्की.

२० जानेवारी, सकाळ
स्वयंपाकघरात पाणी नाही. काळजीचं कारण नाही. हीटिंग सत्तरवर नेलं.

दुपार
पाणी आलं. भिंतीतून. मेन वॉल्व्ह मीच बसवलेला, पण सापडायला अर्धा तास गेला.

२१ जानेवारी
लाकडी जमीन फुगून वर आली आहे. ड्वेनला थर्मोस्टॅटवरचा सत्तरचा आकडा दाखवला. त्याने फॉर्म आणि पेन काढलं.
“अर्व्हिड, फॉर्मवर काय लिहू? रविवारी त्या टेबलावर मीही होतो.”
भला माणूस आहे, त्याला खोटं लिही म्हणवेना. पेन घेतलं आणि पंचेचाळीस मीच लिहिलं. क्लेम बहुतेक बसणार नाही म्हणाला.
संध्याकाळी ऑरव्हिल पाणी उपसायला आला. उपसता उपसता कबूल केलं, त्याच्या घरी कायम अडुसष्ट असतं. बायको आकडा त्याखाली येऊच देत नाही.

२३ जानेवारी
व्हर्नाला सगळं सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. जमीन किती वर आली आहे एवढंच विचारलं आणि फोन ठेवला. आता उचलत नाही. म्हणून पत्र टाकलं. नक्कल इथे:
‘व्हर्ना, अट ती अट. घर विकायचं सांगितलंय, माणूस सोमवारी पाटी लावायला येतो. लॉरेनच्या शेजारचं घर अजून रिकामं आहे का ते बघ. तिकडे उन्हाळ्यात लोक एसी किती अंशांवर ठेवतात तेही विचारून ठेव. मी नव्वदवर सहज राहीन. उत्तर लवकर धाड.’