काकांचा बांध आणि माझी शांती

रविवार, २ मार्च
प्रार्थनेच्या क्रमाचा फळा मीच लिहिला. एकही चूक नाही. प्रवचन शांतीवर होतं. आम्ही क्वेकर पंथाचे ख्रिस्ती हात उगारत नाही, शस्त्र धरत नाही. संकल्प: यंदा कुणालाही बोटानेसुद्धा दुखवायचं नाही. शब्दानेही नाही. सुरुवात आजच.

मंगळवार, ४ मार्च, सकाळी
शेजारच्या शेतातल्या हेझ्रनकाकांनी बांधावरची हद्दीची झुडपं उपटून आमच्या बाजूला आत लावली. आईची केळी आता त्यांच्याकडे गेली. मी शेतातच होतो. म्हणाले, काय रे एलाम, काही म्हणायचंय? मी म्हणालो, देव तुमचं भलं करो, काका. मग त्यांनी मला रोपं धरायला लावली. धरली. रागाचा लवलेश नाही. एक वाकडं लागलं होतं, ते मीच सरळ केलं.

संध्याकाळी
आई म्हणाली, तुझे बाबा गेले तेव्हा वाटलं होतं, घरात एक तरी पुरुष उरलाय. मी तिला समजावलं की येशूने दुसरा गाल पुढे करायला सांगितलंय. ती म्हणाली, मेल्या, मग गाल तुझा दे की, केळी माझी कशाला देतोस? तिला खोल अर्थ कळत नाही. आठवीनंतर शाळा माझीही सुटली, पण मी वाचन ठेवलंय.

शुक्रवार, ७ मार्च
झुडपं पुन्हा सरकली. बांध आता घरामागे बाबांच्या कबरीला टेकलाय. धाकटी मिदेवा म्हणाली, दादा, पुढच्या आठवड्यात काका चुलीपाशी पोचतील, त्यांच्यासाठी मक्याच्या पिठाची जास्तीची उगाली शिजवू का?
एक शंका येते. ही शांती आहे की मी भित्रा आहे? देवाला स्पष्ट विचारलं. उत्तर आलं नाही. म्हणजे शांतीच.
तरी रविवारी चर्चच्या सभेत बांधाबद्दल बोलणार. भाषण तीनदा लिहून काढलं. शुद्धलेखन तपासलं.

रविवार, ९ मार्च
आई तापाने फणफणली आहे, म्हणून मला एकट्याला पाठवलं. म्हणाली, फक्त एवढंच बोल की जमीन आमची आहे. बाकी मी बघते.
सभेत झाबलॉनआजोबा अध्यक्ष. म्हणाले, हेझ्रन बांधालगतची पट्टी चर्चला दान देतोय, तिथे संडास बांधू. कुणाची हरकत? आमच्यात मतं मोजत नाहीत. कुणी बोललं नाही की सर्वांचं एकमत.
मी उभा राहिलो. सगळे वळून बघायला लागले. काका गोड हसून म्हणाले, बोल बाळा. त्या क्षणी कळलं की शब्दांत कटुता येईल. म्हणून उभ्याउभ्या निषेधाचं मौन पाळलं. फार खोल मौन होतं.
आजोबा म्हणाले, बघा, घरचा मुलगा स्वतः उठून पाठिंबा देतोय. मग सगळ्यांनी गीत म्हटलं. मीही म्हटलं, कारण मध्येच बसणं बरं दिसलं नसतं.
घरी आईला सांगितलं की सभेत मी ठाम उभा राहिलो. यात खोटं काही नाही. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

शनिवार, १५ मार्च
संडासाचा खड्डा खणायला तरुणांना बोलावलं होतं. न जाणं म्हणजे मनात राग धरणं, म्हणून गेलो.
आईला आवाज ऐकू गेला असावा. कोयता घेऊन आली आणि कबरीवर उभी राहिली. म्हणाली, जो पुढे येईल त्याचा पाय राहणार नाही. अंगात ताप होताच. काका सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. आजोबा म्हणाले, एलाम, तुझी आई आहे, तूच शांत कर.
इतके दिवस देवाने मला कशासाठी तयार केलं, ते उमगलं. पुढे गेलो. आईला वाटलं, मी तिच्या बाजूने उभं राहायला आलोय. ती जरा सरकली, मला जागा करून दिली. मी तिचं मनगट धरून पिरगळलं. कोयता पडला. कट्‌ असा आवाज आला.
आजोबा म्हणाले, शाब्बास, एक थेंब रक्त न सांडता.

रविवार, १६ मार्च
चर्चमध्ये मला उभं करून साक्ष द्यायला सांगितलं. शांतीवर बराच वेळ बोललो. आवाज कापला नाही.
घरी आईचा हात फळीला बांधलेला. मिदेवा तिला भरवत होती. माझं ताट मांडलेलं नव्हतं. आई मिदेवाला म्हणाली, त्याला सांग, काकांकडे जा. त्यांनाही मुलगा नाही.
कपड्यांची पिशवी घेऊन गेलो. काका दारातच होते. त्यांनी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, पोरा, राग मानू नकोस, पण आईवर हात टाकणाऱ्याला मी घरात घेत नाही. आम्ही शांतीची माणसं.
दार लावून घेतलं.
त्यांचं बरोबर आहे.