बडबडणारी पिन

प्रिय दादा,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. हुरळून जाऊ नकोस.

काल स्वयंपाकघरातली तुझी दिव्यांची पट्टी उघडली. आईला ऐकू येत नाही म्हणून लावलेली: दारावरची बेल वाजली की निळी, बाबांनी पलंगाजवळचं बटण दाबलं की लाल. केवढा मिरवला होतास! मला वाटलं, आत काहीतरी मोठं गौडबंगाल असेल. कसलं काय! पट्टी चालवणाऱ्या मायक्रोकंट्रोलरच्या नेमक्या त्या पिनेला तू वायर जोडलीस, जिच्यातून तो सुरू होताना स्वतःशीच बडबडतो. पट्टीला तो हुकूम वाटतो आणि ती लाल लखलखते. शेजारी चांगल्या गप्प बसणाऱ्या पिना रिकाम्या होत्या. सोबतच्या कागदात हे स्पष्ट लिहिलंय. पण ही पिन कडेला, डाग देऊन वायर चिकटवायला सोपी. वाचायचे कष्ट कोण घेणार?

वीज गेली-आली की लाल. आई बिचारी हातातलं टाकून धावायची, तर बाबा आपले घोरत पडलेले. मी तुला फोनवर सांगितलं होतं. तू म्हणालास, राईचा पर्वत करू नकोस, क्षणभरच लागतो, सवय होईल तिला.

झाली ना सवय. त्या दुपारी लाल लागला तेव्हा ती भाजी चिरत होती. वीज आली असेल म्हणून चिरत राहिली. बाबांनी बटण किती वेळा दाबलं, देव जाणे. ती खोलीत गेली तेव्हा सगळं संपलं होतं.

आणि तू, अरे शहाण्या, बाबांना पोचवून आल्यावर चार माणसांत म्हणालास, दिवा तर लागला होता, मग ही उठली का नाही? तिला ऐकू येत नाही, ओठ वाचता येतात, हे विसरलास? तेव्हापासून तिने सुरीला हात लावलेला नाही. दोन घास खायलासुद्धा तिला हाताला धरून बसवावं लागतं.

वायर मी दुसऱ्या पिनेवर हलवली. आता वीज आली तरी पट्टी गप्प असते. आईला जवळ बसवून सगळं दाखवलं, खाणाखुणा करून समजावलं. तिला वाटतं, मी तिची समजूत काढतेय. पट्टी तिच्या लेकाने केलेली, ती चुकेल कशी? म्हणून हे पत्र. तुझी माफी मला नको, घाल ती चुलीत. इथे ये. तिच्यासमोर उजेडात बस, ओठ नीट दिसतील असा, आणि सावकाश सांग की चूक तुझी होती.

नाइलाजाने तुझीच,
धाकटी