चरात उतरलेली दोन सरकारं

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (खरं सांगायचं तर कंबर धरल्यामुळे तूर्त आठांपैकी पाचच अंगं टेकतात. उरलेली तीन, डॉक्टरांनी परवानगी दिली की, टेकवीन.) तुझा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे तू मागच्या पत्रात लिहिलं नव्हतंस, आणि डॉक्टर नेमकं तेच विचारतात. काकांचा खोकला खरंच गेला, की गेला असं त्यांनी तुला सांगितलंय? आम्ही इकडे सगळे बरे आहोत. मी मधून मधून आडवा असतो एवढंच.

मी नक्की पडलो कसा, असं तू विचारलंस, कारण आई तुला फोनवर म्हणाली, "खड्ड्यात पडला, दुसरं काय." आईची माहिती बरोबर आहे पण अपुरी आहे. मी पडलो तो सरकारी वेळेत, सरकारी कामावर असताना, आणि एकटा पडलो नाही. पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुझा गैरसमज होणार नाही. झालाच तर पूर्ण माहितीनिशी होईल.

आमच्याकडे शेती राज्य सरकारकडे सोपवलेली आहे आणि पर्यावरण केंद्राने स्वतःकडे ठेवलं आहे. कागदावर ही वाटणी सुरेख दिसते. अडचण अशी की बेडूक कागदावर राहत नाहीत, शेतात राहतात. म्हणून दोन्ही सरकारांनी ठरवलं की शेतातल्या पाण्याबद्दल कुणी एकट्याने हुकूम काढायचा नाही, आणि त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात समन्वय कक्ष उघडले. आमचा कक्ष म्हणजे जनावरांच्या दवाखान्यामागची खोली. तिथे एक लांब टेबल आहे. खिडकीकडच्या अर्ध्यावर मी, राज्याचा कृषी अधिकारी. दाराकडच्या अर्ध्यावर केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या बाई. (टेबल कोणत्या सरकारचं हे अजून ठरलेलं नाही, त्यामुळे त्याचा डुगडुगणारा पाय कुणी दुरुस्त करायचा हेही ठरलेलं नाही. तूर्त त्या पायाखाली समन्वयाचा करारनामा घडी घालून ठेवला आहे. तो तिथे चांगला उपयोगी पडतो.)

नियम असा की एका कार्यालयाने दुसऱ्याला थेट काही कळवायचं नाही. बाईंना मला काही सांगायचं असेल तर त्या पत्र लिहितात. ते त्यांच्या मुख्यालयात जातं, तिथून आमच्या मुख्यालयात, आणि तिथून माझ्याकडे येतं. तेवीस दिवस लागतात. मी हात लांब केला तर शाई वाळायच्या आत ते पत्र मला उचलता येईल, पण मग आवक क्रमांक कुठून आणणार? एकदा बाईंनी मान वर करून विचारलं, "साहेब, 'हलगर्जीपणा'तला 'र्जी' दीर्घच ना?" मी म्हणालो, दीर्घच. तेवीस दिवसांनी माझ्याविरुद्धची तक्रार माझ्या हातात पडली. शुद्धलेखन निर्दोष होतं.

असं आमचं सुरळीत चाललं होतं. आणि एके दिवशी बटाटेवाल्या काकू आल्या. नवरा गेल्यापासून चौदा एकर त्या एकट्या बघतात आणि बोलताना शब्द वाया घालवत नाहीत. त्यांच्या शेताच्या कडेने एक चर जातो. त्यांनी पिशवीतून दोन पत्रं काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एक आमच्या खात्याचं: चर गाळाने भरला आहे, महिनाअखेर साफ करा, नाहीतर तुमचं शेत नुकसानभरपाईच्या यादीतून वगळू. दुसरं बाईंच्या खात्याचं: चरात पिवळ्या गळ्याचे बेडूक आहेत, फावडं लावलंत तर खटला भरू. दोन्हींवर तारीख एकच होती. (समन्वय नव्हता असं कुणी म्हणू नये.)

"यातलं खरं सरकार कोणतं?" काकूंनी विचारलं.

मी म्हणालो, दोन्ही खरी आहेत.

"मग मी काय करू? अर्ध्या फावड्याने खणू?"

बाई म्हणाल्या, हा प्रश्न लेखी द्यावा लागेल. काकूंनी तिथेच उभ्या उभ्या लेखी दिला, आणि सोबत पिशवीतून एक बटाटा काढून माझ्या फायलीवर ठेवला. गेल्या वर्षी चर तुंबून नऊ दिवस पाणी साचलं आणि निम्मं पीक कुजलं, त्यातला तो बटाटा होता. मावशी, कुजलेल्या बटाट्याचा वास तुला सांगायला नको. तो आमच्या संपूर्ण खोलीत समान वाटपाने पसरला आणि माझ्याबरोबर घरीही आला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि कारण नुसता वास नव्हता. बाईंचंही चुकत होतं असं नाही. तो बेडूक जिल्ह्यात तीनच चरांत उरलाय, आणि दोन ऋतू चिखलात बसून बाईंनी स्वतः मोजलेत, या चरात एक्केचाळीस. काकू गेल्यावर त्या बराच वेळ तो बटाटा बघत बसल्या होत्या. पण बघण्याचं काही टिपण करता येत नाही.

काकूंचा प्रश्न वर गेला. वरून उत्तर आलं की संयुक्त पाहणी करावी. आता पाहणी करायची तर फॉर्म हवा, आणि फॉर्मवर जागेचं नाव हवं. आमचं खातं त्याला 'निचरा चर' म्हणतं, त्यांचं खातं 'रेषीय पाणथळ अधिवास' म्हणतं, काकू 'खड्डा' म्हणतात. एका नावावर यायला पाच आठवडे गेले. शेवटी 'सदर जागा' यावर तडजोड झाली, आणि दोन्ही मुख्यालयांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. तेवढ्यात काकूंचे बटाटे लावून झाले आणि आकाश भरून यायला लागलं.

पाहणीच्या दिवशी केंद्राची जीप दुरुस्तीला गेलेली. राज्याच्या जीपमध्ये बसायला बाईंना लेखी परवानगी लागते आणि ती यायला (तुला अंदाज आलाच असेल) तेवीस दिवस. बाई म्हणाल्या, मी चालत येते. पाच किलोमीटर होतं. त्यांना टाकून पुढे गेलो असतो तर पाहणी संयुक्त राहिली नसती, म्हणून मी जीप त्यांच्या शेजारून त्यांच्या चालीने चालवली. दुसऱ्या किलोमीटरला त्यांनी दप्तर जीपमध्ये ठेवलं. दप्तराला मनाई नव्हती. तिसऱ्याला छत्री ठेवली. चौथ्याला माझ्या लक्षात आलं की आम्ही तासभर बोलतोय, आणि त्यातलं एक अक्षरही मुख्यालयाला कळवण्यासारखं नाही.

चराच्या एका काठावर मी उभा राहिलो, दुसऱ्या काठावर बाई. मध्ये मोजपट्टी ताणली. आमचा फॉर्म फुटांत आहे आणि त्यांचा मीटरमध्ये. पट्टीच्या एका बाजूला फूट होते, दुसऱ्या बाजूला मीटर. मी फूट दिसावेत म्हणून पट्टी पिळली, त्यांनी मीटर दिसावेत म्हणून उलटी पिळली. मी जरा ओढली. त्यांनीही ओढली. माझ्या पायाखालचा काठ भुसभुशीत होता (याची नोंद आमच्या खात्याने गेल्या वर्षीच केली होती) आणि तो मला घेऊन खाली गेला. पट्टी मी सोडली नाही, कारण ती सरकारी आहे. त्यामुळे पाठोपाठ बाईही आल्या.

गाळ मांडीपर्यंत होता. हललं की आणखी आत जायला होई. आम्ही समोरासमोर, हातभर अंतरावर, टेबलावर बसतो तसेच उभे होतो. बाईंच्या चष्म्यावर चिखल होता आणि माझ्या खिशात काहीतरी जिवंत होतं. काकू काठावर आल्या, कमरेवर हात ठेवून त्यांनी दोन्ही सरकारांकडे नीट बघितलं, आणि विचारलं, "बाहेर काढू, की आधी वर पत्र पाठवायचं?"

मी म्हणालो, काढा.

"काढते की. ट्रॅक्टर आणते. पण दोघं पहिल्यांदाच एकमेकांकडे तोंड करून उभे आहात, तर तेवढं माझं सांगा. चराचं काय करू?"

मी म्हणालो, काकू, साफ तर करावाच लागेल. बाई म्हणाल्या, मग बेडूक जातील कुठे? काकू म्हणाल्या, "माझे सासरे एका वर्षी या अंगाचा गाळ काढायचे, दुसऱ्या वर्षी त्या अंगाचा. पाण्याला वाट मिळायची आणि बेडकांचं अर्धं घर शाबूत राहायचं. तुमच्यापैकी कुणी विचारलंच नाही."

त्यावर आम्ही दोघांनी मान खाली घातली, तीही संयुक्तपणे. मी बाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "माझी हरकत नाही." मी म्हणालो, माझीही नाही. मग काकूंनी जीपमधून फॉर्म आणला, त्याच्या पाठीमागे चार ओळी खरडल्या आणि आमच्या हातात दिला. आम्ही तो एकमेकांच्या खांद्यावर ठेवून सह्या केल्या, कारण दुसरी कोरडी जागा नव्हती. सही झाल्यावरच त्या ट्रॅक्टर आणायला गेल्या. दोर माझ्या कमरेला बांधला होता. कंबर धरली ती तेव्हा, पडताना नाही. आईला एवढी दुरुस्ती सांग.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेबलावर बसून एकच मसुदा लिहिला आणि दोघांनी आपापल्या मुख्यालयाला पाठवला. दोन्हीकडे एकच गोंधळ उडाला. दोन खात्यांची पत्रं शब्दशः सारखी येणं हे यापूर्वी कधी घडलं नव्हतं. आम्हा दोघांनाही नोटिसा आल्या: 'पूर्वपरवानगीशिवाय एकमत कसे झाले, याचा सात दिवसांत खुलासा करावा.' खुलासाही आम्ही मिळूनच लिहिला. नोकरी जाईल या भीतीने मी दोन रात्री नीट झोपलो नाही. बाई म्हणाल्या, त्या तीन रात्री झोपल्या नाहीत. (केंद्राचं सगळंच एक घर पुढे असतं.)

काकू मात्र खुलाशासाठी थांबल्या नाहीत. चार दिवसांत त्यांनी एका अंगाचा गाळ काढून टाकला, आणि पाचव्या दिवशी पाऊस असा कोसळला की आमच्या दवाखान्यात म्हशी टेबलाखाली घुसायला बघत होत्या. मी धडपडत शेतावर गेलो. पाणी चरातून वाहत होतं आणि बटाट्यांच्या सऱ्यांत साचलं नव्हतं. काकूंनी मातीत हात घालून लावलेल्यांपैकी एक बटाटा काढला, पुसला आणि माझ्या हातात दिला. घट्ट होता. मावशी, आणि मी काय केलं, तर त्याचं वजन किती असेल असं काहीतरी विचारलं. बाई पलीकडे बेडूक मोजत होत्या. त्रेचाळीस भरले. हे दोन कोणत्या खात्यामुळे वाढले, यावर पत्रव्यवहार सुरू झाला आहे.

नोटिसा मागे घेतल्या. आता 'अर्धा-अर्धा पद्धत' सगळ्या जिल्ह्यांना लागू झाली आहे. दोन्ही सरकारांच्या उच्चस्तरीय समितीने ती सखोल अभ्यासाअंती शोधून काढली, असं परिपत्रकात म्हटलंय. काकूंना ती पद्धत समजावून सांगण्यासाठी एका दिवसाच्या प्रशिक्षणाला बोलावलं होतं. त्या गेल्या. चहा बरा होता म्हणाल्या.

असो. गुडघ्याला शेक देत जा, आणि काकांवर लक्ष ठेव. घरातल्या मोठ्यांना पाचअंगी नमस्कार, धाकट्यांना आडव्यानेच आशीर्वाद.

तुझा भाचा

ता. क. काकांच्या दुकानात गमबूट असतील तर दोन जोड पाठव. एक माझ्या मापाचा, नऊ नंबर. दुसरा पाच नंबर.

ता. क. २. पाच नंबर केंद्राचा आहे. दर रविवारी बेडूक मोजायला जावं लागतं. रविवारी कार्यालय बंद असतं हे मला ठाऊक आहे.

ता. क. ३. आईने तुझ्याकडे मुलींचे जे फोटो पाठवलेत ते पुढे कुणाला दाखवू नकोस. तिला सांग, मी एकीला विचारलं. तिने त्याच दिवशी, तोंडी, हो म्हटलं. मुलगी काय करते असं आई विचारेल. सरकारी नोकरी आहे म्हणून सांग. बाबांनी राज्याच्या पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं केंद्राच्या नावाने खडे फोडण्यात घालवली आहेत, तेव्हा कोणतं सरकार, हे त्यांचं जेवण झाल्यावर सांग.