गुंडूरावांच्या नावाचा व्यायाम

जयनगर, बेंगळुरू
२० जुलै २०२५

ती. हेमाक्कास,
गुंडूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं हं हं करतेस, तुला ऐकू काहीच येत नाही, म्हणून लिहितो. माझी कंबर गेली. जन्मभर दुकानाच्या गादीवर बसून साड्या दाखवल्या, त्याचं हे बक्षीस. डॉक्टरांनी व्यायाम दिलेत. उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलायची. मग ओणवं होऊन मांजरासारखी पाठ वर-खाली करायची. या वयात, तेही सुनेसमोर!

पण गणपती जवळ आले. मूर्ती हातांवर घेऊन चालत आणायचा मान घरच्या कर्त्याचा. मी आणली नाही, तर आमचे चिरंजीव अमित ती रिक्षातून आणतील. म्हणून तोड काढली आहे. माझ्यासाठी उपास कृष्णवेणी करते, वडाला फेऱ्या ती घालते, फळ मला मिळतं. व्यायामही तिच्याकडेच सोपवला. मी खुर्चीत बसून मोजतो. तेही कष्टाचंच काम आहे.

आशीर्वाद पाठव, उपदेश नको.
तुझा गुंडू

निपाणी
२ ऑगस्ट २०२५

चि. गुंडूस अनेक आशीर्वाद.

तुझी युक्ती वाचून डोळ्यांत पाणी आलं, हसून. मग औषधही तिलाच पाज की! आपल्या घरात बायकांनी नवऱ्यासाठी काय काय केलेलं मी पाहिलंय, पण नवऱ्याची कंबर बळकट करून दिलेली पाहिली नाही. उद्या भररस्त्यात मूर्ती हातातून निसटली म्हणजे काय करशील? मला खरंच काळजी वाटते. मुकाट्यानं सतरंजीवर आडवा हो.

आणि कृष्णवेणीला सांग, तू मात्र व्यायाम सोडू नकोस.
तुझी, तुला पुरती ओळखून असलेली
हेमाक्का

जयनगर, बेंगळुरू
२८ ऑगस्ट २०२५

ती. हेमाक्कांना
कृष्णवेणीचा सा. न.

तुमचं पत्र यांनी मला वाचून दाखवलं, माझ्यासाठीची ओळ तेवढी वगळून. ती मी नंतर वाचली.

काल मूर्ती आणायला गेलो. हे उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. मूर्तिकार ‘अण्णा, अण्णा, स्वल्प सावकाश’ म्हणत धावला. अमित मोबाइल काढून रिक्षा शोधू लागला. यांचा चेहरा इतका पडला की मला बघवेना. मी पदर खोचला आणि मूर्ती उचलली. कंबरेनं हूं की चूं केलं नाही. यांनी मोजलं फार मन लावून, हे मान्य करायला हवं.

लग्न झाल्यापासून मी ताम्हन घेऊन मागून चालत आले. दिसायची ती यांची पाठ. काल ताम्हन यांच्याकडे होतं. वाऱ्यानं मूर्तीवरचा रुमाल सरकला, आणि घरापर्यंत देव माझ्याकडे बघत होता.

आमच्या कोपऱ्यावर यांनी विचारलं, आता बरं वाटतंय, हात दुखले असतील तर मी घेऊ का? मी नको म्हटलं. हात दुखत होते, अक्का. पण द्यावीशी वाटली नाही.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची कृष्णवेणी