अळंबीचा नोडल अधिकारी

आमली, सिल्वासा
श्रावण वद्य पंचमी

श्रीमान मंगेशराव,

साडूभावास विश्वनाथचा वाकून (डॉक्टरांनी परवानगी दिली आहे तितकं वाकून) नमस्कार. तुमची साखर, रोहिणीताईंचा गुडघा आणि सासरेबुवांचा राग हे तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकतो. शिवाय आपण दोघं एकाच सासऱ्याचे जावई असलो तरी तुम्ही वनस्पतिशास्त्राचे डॉक्टर आणि मी सरकारी कचेरीतला हेडक्लार्क, त्यामुळे माझं वाक्य पूर्ण होण्याआधीच ते चुकलेलं असतं. कागदावर निदान पूर्णविरामापर्यंत पोचता येतं.

पत्रास कारण असं की, कुसुमने मला काहीतरी खाऊ घातलं आणि मी दवाखान्यात पडलो, अशी बातमी रोहिणीताईंनी दापोलीपासून चिपळूणपर्यंत पोचवली आहे. सख्ख्या बहिणीबद्दल इतकं चांगलं मत फार कमी जणींचं असतं! खरी हकीकत अशी की त्या दिवशी कुसुमचा श्रावणी सोमवार होता आणि साबुदाण्याखेरीज तिने कशालाही हात लावला नव्हता. विषप्रयोग झाला हे खरं, पण तो माझा मीच केला. लसूण सोलण्यापासून ताट पुसून खाण्यापर्यंत सगळं स्वहस्ते.

झालं असं की, या पावसाळ्यात मला रानातली अळंबी ओळखण्याचा नाद लागला. (कुसुम म्हणते, गेल्या वर्षी बोन्साय होतं, त्याआधी बासरी होती, निदान त्यांनी उलट्या होत नव्हत्या.) मी मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले, एक अ‍ॅप घेतलं, आणि आता आपल्याला विषय कळला अशी खात्री झाली. ही खात्री तुम्हाला यायला सात वर्षं आणि एक प्रबंध लागला, तोही शेवाळावर, म्हणून मला तुमची दयाच आली. त्या सोमवारी पहाटे मी स्कूटर काढून दादऱ्याला तळ्याकाठच्या बागेत फिरायला गेलो. तिथे हिरवळीवर पांढऱ्याशुभ्र छत्र्या अशा ओळीने उभ्या होत्या की जणू पाहणी दौऱ्यावरच्या साहेबाची वाट बघतायत. मी व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे त्या न उपटता सुरीने बुडाशी अलगद कापल्या, वरून फोटो काढला आणि अ‍ॅपला विचारलं. अ‍ॅप म्हणालं, वारुळावरची अळंबी, खाण्याजोगी, चौऱ्याण्णव टक्के. मला दहावीला अठ्ठावन्न होते, तेव्हा चौऱ्याण्णववाल्याशी वाद घालणारा मी कोण? तरीही खबरदारी म्हणून मी जुन्या लोकांची परीक्षा घेतली आणि भाजी शिजताना तिच्यात कुसुमचं चांदीचं नाणं टाकलं. नाणं काळं पडलं तर अळंबी विषारी, असं म्हणतात. नाण्याला काहीही झालं नाही. ते अजून तितकंच लखलखीत आहे.

भाजी चविष्ट होती, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. तीन पोळ्यांबरोबर खाल्ली आणि कचेरीत गेलो. अकरा वाजता साहेबांच्या दालनात बैठक होती. विषय: रानभाजी महोत्सवाची पूर्वतयारी. साहेब 'आपल्या आदिवासी भगिनींचं पारंपरिक ज्ञान' एवढं म्हणाले आणि माझ्या पोटात कळ आली. 'जतन करणे' म्हणेपर्यंत मी त्यांच्या कचऱ्याच्या टोपलीपर्यंत पोचलो होतो. पुढचं वर्णन करत नाही, रोहिणीताई हे पत्र मोठ्याने वाचतील. दीड दिवस सलाइन लावलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मोबाइलवर फोटो पाहिला आणि म्हणाल्या की ही हिरवळीवरची तोतयी. लहानपणी हुबेहूब चांगल्या अळंबीसारखी दिसते आणि वय झालं की टोपीखालच्या पदराला हिरवट झाक येते. म्हातारपणी खरा रंग दाखवणारे पुष्कळ पाहिले होते, पण त्यांना कुणी लसणाची फोडणी देत नाही. सांगणारं कुणी नव्हतं म्हणून फसलो, असं मी त्यांना सांगितलं.

आता कचेरीची अक्कल ऐका. मी परत रुजू झालो तर टेबलावर आदेश! 'रानातील अळंबीचा प्रत्यक्ष अनुभव असलेले एकमेव कर्मचारी' या नात्याने माझी महोत्सवासाठी अळंबी-तपासणीचा नोडल अधिकारी म्हणून नेमणूक. म्हणजे जो विहिरीत पडला त्याला पोहण्याचा मास्तर केला. शिपाई सुकदेव (हा धुळ्याकडचा, तोंडाने फाटका) म्हणाला, "साहेब, बरं झालं तुम्हाला साप नाही चावला, नाहीतर सर्पमित्र केलं असतं." मी हसलो नाही, कारण आदेश साहेबांच्या सहीचा होता. आणि खरं सांगू का, दाराबाहेर 'अधिकारी' अशी पाटी लागणार म्हणून मला थोडी गुदगुलीही झाली होती.

महोत्सवाच्या दिवशी गळ्यात बिल्ला अडकवून मी टोपल्या तपासल्या. नियम असा की, माझी 'खाण्यास योग्य' अशी सही असल्याशिवाय अळंबी मांडायची नाही. चार टोपल्या आल्या. पहिली तानूबाईची. ही वारली बाई आमच्या आमलीच्या नाक्यावर पावसाळाभर रानभाज्या घेऊन बसते. अळंबीचे जेमतेम पंधरा-वीस दिवस, आणि त्यावर तिच्या घरचं पुढच्या दोन महिन्यांचं मीठमिरची चालतं. सागाच्या पानावर तिने अळंबी नीट लावून आणली होती. मी वाकून बघितलं आणि मंगेशराव, मला फक्त साहेबांची कचऱ्याची टोपली दिसली. मी लिहिलं, 'शंकास्पद'. मग पक्षपात नको म्हणून उरलेल्या तिघींच्या टोपल्यांवरही तेच लिहिलं. चारही टोपल्या नगरपालिकेच्या ट्रॅक्टरमध्ये रिकाम्या झाल्या. 'उत्कृष्ट रानभाजी'चं पहिलं बक्षीस एका मंडळाला मिळालं. त्यांनी वापीच्या दुकानातून बटण मशरूमचे डबे आणले होते आणि वरचं लेबल काढायचे कष्ट घेतले होते. तानूबाई रिकामी टोपली उचलून एवढंच म्हणाली (तिच्या बोलीत साहेबालाही 'तू'च), "पोट तुजा दुखला, पाटी माजी फेकली."

असो. तर मुद्दा हा की कुसुम निर्दोष आहे, हे रोहिणीताईंना समजावून सांगावं. सासरेबुवांना नमस्कार. बाकी सर्व क्षेम.

आपला साडू,
विश्वनाथ

ता. क. १: एक किरकोळ काम राहिलंच. माझ्या 'शंकास्पद'वरून साहेबांनी प्रस्ताव तयार केला आहे की शहरात रानातली अळंबी विकायला पूर्ण बंदी घालावी. येत्या बुधवारी बैठकीत तो मंजूर होईल, आणि तानूबाईचे उरलेले दिवस गेले. मी साहेबांना म्हणालो, माझं मत बदललं आहे. ते म्हणाले, तज्ज्ञाचं मत बदलायला त्याहून मोठा तज्ज्ञ लागतो. आपल्या नात्यात तेवढे मोठे तुम्हीच. तरी कॉलेजच्या छापील कागदावर, सगळ्या पदव्या लिहून, 'वारुळावरची अळंबी खाण्यास योग्य असून ती ओळखण्यास स्थानिक महिला समर्थ आहेत' एवढ्या दोन ओळी बुधवारच्या आत पोचतील असं बघा. सासऱ्यांच्या परसात कढीलिंबाला तुम्ही कडुनिंब म्हणाला होतात, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. (कुसुम सोडून.)

ता. क. २: वर 'सांगणारं कुणी नव्हतं' असं लिहिलं आहे, ते खोटं आहे. त्या सकाळी दादऱ्याहून परतताना नाक्यावर तानूबाईने माझ्या पिशवीत डोकावून म्हटलं होतं, "सायेब, ही नको खाव. ही गवतावरची. वारुळावरचीला हातभर मूळ असतं, हिला कुठं हाय?" मूळ कसं असणार, मी सुरीने कापलेली. मी तिला मोबाइल दाखवला आणि चौऱ्याण्णव टक्के म्हणजे किती, ते समजावून सांगितलं. नाक्यावर चार माणसं ऐकत होती. महोत्सवात ती समोर उभी राहिली तेव्हा मला अळंबीपेक्षा तिचीच भीती वाटत होती, ती आता हे सगळ्यांसमोर बोलेल म्हणून. ती बोलली नाही. मला लाज वाटते, मंगेशराव, आणि हे फोनवर तुमच्याशी बोलता आलं नसतं.

ता. क. ३: तुम्हाला तपासायला नमुना हवा म्हणून तानूबाई काल वारुळावरची अळंबी, लांबलचक मुळांसकट, सागाच्या पानात बांधून देऊन गेली. कुरिअरवाल्याने ओली वस्तू घेतली नाही. कुसुमने कांदा आणि ओलं खोबरं घालून केली. मी दोनदा वाढून घेतली, तिने तीनदा. तेव्हा नमुना न बघताच सही करा. इकडे तशीच पद्धत आहे. आज सकाळी तानूबाईने दारात येऊन विचारलं, "मोठ्या सायबाचा पोट बरा हाय?" (मोठे सायेब म्हणजे तुम्ही. नमुना तुम्हीच खाल्ला अशी तिची समजूत.) मी स्वतःच्या पोटावरून हात फिरवत म्हणालो, अगदी उत्तम आहे. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "मग तूच लिव ना कागद." लिहिलाय. 'आधीचं मत मी भीतीपोटी दिलं, मला अळंबीतलं काही कळत नाही, तानूबाईला कळतं, आणि तिची अळंबी मी दोनदा वाढून घेतली.' बुधवारी साहेबांसमोर वाचणार आहे. तुमचं पत्र आलं तर याच्या वर लावीन. नाही आलं, तर हाच एकटा जाईल.