ठकीचा वास

४ मार्च, सोमवार

नवीन नोकरीचा पहिला दिवस आणि मी दिवसभर हसत होतो. पहिल्याच दालनात एक धिप्पाड गडी डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवून हवेतले दांडे ओढत होता. तो म्हणे बंदरावरची क्रेन चालवत होता. हातातून ओझं सुटलं आणि तो स्वतःच मागे उडी मारून भिंतीवर आपटला. पलीकडे दोघी जणी नसलेल्या रुग्णाला सलाईन लावत होत्या. वेल्डिंग शिकणाऱ्यापुढे ठिणगी नाही, आग विझवणाऱ्यांपुढे आग नाही, तरी सगळे घामाघूम. खऱ्या कामावर शिकताना जे हातपाय मोडायचे ते इथे शाबूत राहतात. मला हे फार आवडलं.

माझं दालन सगळ्यात शेवटी. त्याला सगळे किळसखोली म्हणतात. शवागारात, गटारांवर, कत्तलखान्यात नव्याने लागलेली माणसं पहिल्याच आठवड्यात ओकाऱ्या काढून पळून जातात. कामावर पाठवण्याआधी त्यांची किळस मोडायची, हा आमचा धंदा. गिऱ्हाइकाला देण्याआधी प्रत्येक धडा कोणावर तरी करून बघावा लागतो. तो कोणी म्हणजे मी. मुलाखतीत मला विचारलं होतं की तुम्हाला कशाकशाची घाण वाटते. मी बोलायला लागलो तो थांबेना, आणि आमच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंचा चेहरा खुलत गेला. दुधावरची साय ओठाला लागली तर मी ताटावरून उठतो. घरचे मला लहानपणापासून नाकाडू म्हणून चिडवतात. आज त्या नाकाचं चीज झालं.

नवं घरही झकास आहे. तिसरा मजला, भरपूर उजेड. बायको इस्पितळात नर्स, तिची सकाळची पाळी. ती गेल्यावर ठकी माझ्याकडे, मग शेजारच्या काकू तिला सांभाळणार. ठकी म्हणजे आमची लेक, सात महिन्यांची, गुबगुबीत गालांची. आज घरी आल्या आल्या तिच्या मानेत नाक खुपसून बसलो. दूध, पावडर आणि काहीतरी उबदार. दिवसाचा शीण गेला.

७ मार्च, गुरुवार

पहिला धडा झाला. पाण्यातून काढलेलं प्रेत धुवायचं होतं. डोळ्यांना चष्मा, हातांना स्पर्श जाणवून देणारे मोजे आणि नाकाखाली वासाची डबी. डब्या भरणाऱ्या माणसाला इथे अत्तरवाला म्हणतात. अत्तर कसलं डोंबलाचं. मोज्यातून त्या प्रेताची कातडी हाताला बुळबुळीत लागली आणि दंडावरून पायमोज्यासारखी घसरून माझ्या मुठीत आली. मी चष्म्यासकट ओकलो. अत्तरवाल्याने फरशी पुसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई म्हणाल्या की असंच व्हायला हवं. आता घरातला तुमचा सगळ्यात लाडका वास आणा. घाण दाखवायची आणि ती असह्य झाली की लगेच तो वास सोडायचा, ही इथली पद्धत. हळूहळू मेंदू घाणीला घाबरेनासा होतो. मला विचार करावा लागलाच नाही. ठकीचं न धुतलेलं झबलं उद्या नेणार.

१८ मार्च, सोमवार

गंमत आहे. ही पद्धत चालते. अत्तरवाल्याने झबल्यावरून ठकीचा वास इतका हुबेहूब बनवला आहे की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. प्रेत, मग ठकी. तुंबलेलं गटार, मग ठकी. आतडी साफ करायची, मग ठकी. आता घाण दिसली की पोटात ढवळत नाही, उलट आता ठकी येणार म्हणून बरं वाटतं. काल घरातली तुंबलेली मोरी मी हात घालून मोकळी केली. केसांचा तो शेंबडासारखा गोळा बोटांवर घेऊन बायकोला दाखवला. ती म्हणाली, नवरा बदलून मिळाला की काय.

२५ मार्च, सोमवार

एकच धडा अजून जमत नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीवरची जखम धुवायची. तीत अळ्या आहेत आणि त्या बोटांखाली वळवळतात. चार वेळा अर्ध्यात सोडला. शेवटी मीच सुचवलं, ठकीचा वास आधी द्या, म्हणजे धीर धरून आत जाईन. बाईंना कल्पना पसंत पडली. अत्तरवाला जरा चुळबुळला, क्रम कधी बदलला नाही म्हणाला. पण बाईंपुढे त्याचं काय चालणार? दुपारी धडा पार पडला. आता सगळे धडे असेच करायचे ठरले. स्वतःवर खूश आहे.

३ एप्रिल, बुधवार

सकाळी ठकीला उचललं. मानेत नाक घातलं आणि क्षणभर जखमेचा वास आला. तोच, गोडसर, पू झाल्यासारखा. तिच्या मानेच्या वळ्या उघडून पाहिल्या, कान पाहिले, लंगोट पाहिला. काही नव्हतं. तरी आंघोळ घातली. काकू म्हणाल्या, आत्ताच तर घातली होती ना?

५ एप्रिल, शुक्रवार

परत आला तो वास. आता जातच नाही. ठकी हसली की लाळेची तार गळते, ती माझ्या मनगटावर पडली आणि पोटातून थेट घशाशी आलं. तिचे गाल मऊ आहेत. फार मऊ आहेत. दाबले तर हातात येतील असं वाटतं. हे मी माझ्या लेकीबद्दल लिहितो आहे. लाज वाटते.

रात्रीचं जेवण झाल्यावर बायको म्हणाली, "तिला घेतोस तेव्हा तू मान का वळवतोस?"

सर्दी झाली आहे म्हणालो.

८ एप्रिल, सोमवार

आज जे झालं ते कोणाला सांगता येणार नाही. कामावरून येताना खाटकाच्या दुकानामागून आलो. डब्याबाहेर टाकलेली आतडी उन्हात फुगली होती, माश्या घोंगावत होत्या. आणि माझं मन भरून आलं. पान्हा फुटणं म्हणतात ते असंच असेल. मी वाकलो. हात लावला. किती वेळ तिथे बसलो कोण जाणे. एक बाई नाकाला पदर लावून जाता जाता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा भानावर आलो.

घरी ठकीने दोन्ही हात पुढे केले. मी न्हाणीघरात जाऊन ओकलो.

९ एप्रिल, मंगळवार

अत्तरवाल्याला गाठून सगळं सांगितलं. तो डब्या भरायचा थांबला. सांगता सांगता मलाच उमगलं. आधी घाण आणि मग ठकी, तेव्हा घाण लाडकी झाली. नंतर ठकी आधी आणि मागून घाण, म्हणजे आता ठकी आली की —

तो म्हणाला, "किळस आम्ही मोडत नाही हो. उचलून दुसरीकडे ठेवतो. तुमची कुठे ठेवली ते बघायला हवं होतं."

बाई म्हणाल्या की उलटे धडे देऊन हे सुधारता येतं, पण वेळ लागेल. तोवर मुलीजवळ एकटं राहू नका. बायकोला सांगा.

सांगतो. उद्या सांगतो. कसं सांगू? तुझी लेक मला सडलेली वाटते, असं?

१२ एप्रिल, शुक्रवार

नाही सांगितलं. कामावर जात नाही, रजा टाकली. चष्मा घातला नाही की सुटेल असं वाटलं होतं. सुटत नाही —

ती रांगते आता. माझ्यामागे येते. फरशीवर ओल उमटत येते, लाळेची. की पाणी सुटतंय तिच्यातून —

१४ एप्रिल, रविवार

बायको घरी होती म्हणून निभावलं. ती तिचे पापे घेत होती. तोंडाला तोंड लावून. मी बघू शकलो नाही. ओरडणार होतो, ते खाली ठेव, हात धू —

"ते" म्हणालो मी मनात. ती नव्हे. ते.

१५ एप्रिल, सोमवार

काकू गावाला गेल्या. आजपासून सकाळभर मीच. दार लावून दुसऱ्या खोलीत बसलो. दारावर थापा. ओल्या थापा. दाराच्या फटीतून वास —

आज सांगायचंच. बायको आली की पहिलं हेच —

आली. दमली होती. झोपली.

१६ एप्रिल, मंगळवार

सकाळ. बायको कामावर गेली. घर स्वच्छ आहे. खिडक्या उघडल्या. कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.

ती घाण काढली एकदाची. फार ओरडत होती. नाकाला फडकं बांधलं, हात लांब धरले, खाली नेऊन कचऱ्याच्या मोठ्या डब्यात ठेवली.

आणि डब्यामागे ठकी सापडली. इतके दिवस तिथे होती माझी बाय. गार पडलेली. अंगावर मुंग्या. छातीशी धरून वर आणली. पाळण्यात निजवलं, पांघरूण घातलं. तिच्या मानेत नाक घालून बसलो आहे. तोच वास. माझी ठकी. जीव भांड्यात पडला.

शहाणी आहे. अजिबात रडत नाही.

मघापासून पाठीवरून हात फिरवतोय. मऊ केस. पाठभर. ठकीला पाठीवर केस —

शेपूट —

मांजर आहे. मेलेलं मांजर आहे. मग मी खाली डब्यात —

कचऱ्याची गाडी आली. डबा उचलतायत. आवाज येतोय, अजून रडण्याचा आवाज — दार — तीन जिने — मी